माग, जकात आणि राज्यकर्ते

कापड-कामगारांच्या सभांतून आम्ही तीस वर्षे बोलत आलो. विद्वज्जनांच्या व्याख्यानमालेत उभे राहण्याचा प्रसंग मात्र हा पहिलाच. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि वाचनालयात अधिक झाले. म्हणून विषयही रोजच्या हाताखालचाच घेतला आहे. मुंबईचा कापडधंदा कामगारांनी बुडवला, त्यांनी नवी यंत्रे येऊ दिली नाहीत, हा आरोप आम्ही लहानपणापासून ऐकतो. त्यात थोडे तथ्य आहे, ते आम्ही लपवणार नाही. पण यंत्र येते की येत नाही, हे एकट्या कामगारावर कधीच अवलंबून नव्हते.

कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवला १८५४ साली कंपनी काढली आणि १८५६ साली गिरणी सुरू झाली. पुढे धंदा वाढला. मुंबईचे सूत चीनला जाऊ लागले. नागपुरात जमशेटजी टाटांच्या एम्प्रेस मिलने तर जुन्या म्यूलऐवजी रिंगच्या चात्यांचे प्रयोग फार लवकर केले. म्हणजे नवे करून पाहण्याची हौस इथे नव्हती असे नाही. पण राज्य कोणाचे होते? १८८२ साली विलायती कापडावरची जकात उठवली गेली. १८९४ साली तिजोरी रिती झाली म्हणून ती पुन्हा बसवावी लागली, तेव्हा लँकेशायरने गिल्ला केला. त्यावर १८९६ साली तोड निघाली ती अशी, की विलायती कापडावर साडेतीन टक्के जकात आणि हिंदी गिरण्यांच्या कापडावरही तितकाच कर! आपल्याच घरच्या मालावर आपल्याच घरात दंड. इथल्या जाड्याभरड्या कापडाशी लँकेशायरची फारशी स्पर्धाही नव्हती. हा कर १९२५ च्या डिसेंबरपर्यंत चालला.

आता त्याच १८९६ साली जपानात काय झाले ते पाहावे. तिथल्या सरकारने कच्च्या कापसावरची आयात जकात उठवली. सुतावरची निर्यात जकात दोन वर्षे आधीच गेली होती. जपानचेही हात परक्यांच्या तहांनी बांधलेले होते. जकात ठरवण्याचे पुरे स्वातंत्र्य त्याला १९११ साली मिळाले. पण जेवढे हातात होते तेवढे त्याने आपल्या धंद्यासाठी वापरले. त्याआधी सरकारने इंग्लंडहून दोन-दोन हजार चात्यांची यंत्रे आणवून हप्त्यांनी खाजगी मालकांना दिली होती. त्या लहान गिरण्या बहुतेक फसल्या. पण काय चुकले ते उमगले, आणि १८८३ साली ओसाकाला वाफेवरची मोठी गिरणी चालू झाली. कापूस आमचाच जाई. १८९३ साली जमशेटजींच्या खटपटीने जपानी बोटींची मुंबई-जपान फेरी सुरू झाली, ती कापसाचे नूर उतरावे म्हणून. चीनची सुताची बाजारपेठ पुढे मुंबईच्या हातून गेली ती याच जपानकडे.

साकिची टोयोडा हा एका सुताराचा मुलगा. १९२४ साली त्याचा स्वयंचलित माग पुरा झाला. कांडी संपली की माग न थांबता धोटा आपोआप बदले, आणि ताण्याचा धागा तुटला की माग आपोआप थांबे. १९२९ साली या मागाचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने एक लाख पौंडांना घेतले. ज्या प्लॅटकडून जगाने यंत्रे घ्यावीत, ती कंपनी जपानकडून घेऊ लागली! पण आम्ही जपानची आरती ओवाळीत नाही. त्या गिरण्यांत खेड्यांतल्या कोवळ्या मुली वसतिगृहांत कोंडून रात्रपाळीला जुंपल्या जात. त्यांची रात्रपाळी कायद्याने १९२९ साली बंद झाली, आणि वेळ कमी उरल्यावर मालकांना स्वयंचलित मागाची निकड अधिकच भासली. कामगारांचा कायदा यंत्राला आडवा येतो असे म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे.

इकडे १९२८ साली मुंबईत सहा महिने संप झाला. मागवाल्याने दोनांऐवजी तीन साचे चालवावे, हा त्यातला एक मोठा वाद होता. साचे तेच जुने, सूत तसेच तुटणारे, फक्त माणूस कमी. याला सुधारणा कोण म्हणेल? मात्र पुढे आम्हा युनियनवाल्यांना ‘नको’ म्हणण्याची सवयच जडली, हेही खरे. नवा माग आणा, पण शिकवा आणि नफ्यात वाटा द्या, ही मागणी आम्ही जोराने केली नाही.

स्वराज्यात १९५६ साली सरकारने गिरण्यांच्या मागांची संख्या गोठवली. हेतू चांगला होता, हातमागवाला जगावा असा. पण गिरणीने न विणलेले कापड पुष्कळसे यंत्रमागाने विणले. गिरण्यांनी मोडीत काढलेले साचे भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीला आले आणि त्यांच्यावर बारा-बारा तासांच्या पाळ्या सुरू झाल्या. हातमाग हरला, गिरणी शिळी झाली. १९८२ चा संप पेटला तेव्हा आमचे वडील साचेखात्यात होते. १९८५ च्या धोरणाने तो भेद काढला, तोवर गिरणगाव अर्धे विझले होते. नव्या यंत्रांसाठी व्याजात सवलत १९९९ साली आली.

मागल्या वर्षी इचलकरंजीत एका नव्या कारखान्यात गेलो होतो. हवेच्या झोताने बाणा फेकणारे माग; धोटाच नाही. त्यांवरचे नाव वाचले, टोयोटा. तिथल्या तरुणाला विचारले, “दादा, यातला भाग मोडला तर?” तो म्हणाला, “काका, साधा असेल तर इथंच करतोय आम्ही. मोठा असेल तर जपानहून येईस्तोवर माग बंद.” तितके दिवस पगाराचे काय, हे विचारताच त्याने मालकाच्या खोलीकडे पाहिले आणि काही बोलला नाही.