सिकलसेल आणि घरातल्या रोजच्या गोष्टी: थोडे नवल, थोडी काळजी

सिकलसेल हा रक्तातील लाल पेशींचा आनुवंशिक आजार आहे. सातपुड्यातील आदिवासी समाजांत तो बराच आढळतो. अक्कलकुवा तालुक्यातील काठी, मोलगी या परिसरातही सिकलसेलचे नाव घरोघरी माहीत आहे. पण पाणी, थंडी, डोळ्यांचा रंग, मच्छरदाणी अशा साध्या गोष्टींचा या आजाराशी असलेला संबंध पुष्कळांना माहीत नसतो. तो समजला तर दुखण्याचे काही झटके टाळता येतात.

पेशी वाकते, आणि सरळही होते

लाल पेशीत हिमोग्लोबिन असते. सिकलसेलमध्ये त्याच्या रचनेतला फक्त एक दुवा बदललेला असतो. प्राणवायू सोडल्यावर असे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून काड्या बनते आणि गोल पेशी विळ्यासारखी वाकते. फुप्फुसात पुन्हा प्राणवायू मिळाला की हीच पेशी बहुधा सरळ होते. मात्र असे वारंवार घडल्यावर ती कायमची वाकडी राहते. वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, म्हणून हाडे, छाती किंवा पोट दुखते.

पाणी: सर्वांत स्वस्त औषध

पेशीतले पाणी कमी झाले की हिमोग्लोबिन दाट होते आणि काड्या फार लवकर बनतात. म्हणून तहान लागण्याची वाट पाहू नका. मोठ्या माणसाने दिवसभरात साधारण 3 लिटर पाणी थोडे थोडे करून प्यावे. उन्हात काम, ताप किंवा जुलाब असल्यास आणखी लागते. लहान मुलांचे प्रमाण डॉक्टरांना विचारा. दारूने लघवी वाढून शरीरातले पाणी कमी होते. मोहाची दारू घरची असली तरी हाच परिणाम होतो.

लघवीचा रंग फसवतो

लघवी पिवळी झाली की पाणी कमी पडले, हे आपण सर्व जण जाणतो. सिकलसेलच्या रुग्णाला ही खूण लागू पडेलच असे नाही. या आजारात मूत्रपिंडाची लघवी दाट करण्याची ताकद लवकर कमी होते. त्यामुळे शरीर कोरडे पडले तरी लघवी फिकट दिसू शकते. मोठे मूल रात्री अंथरूण ओले करते त्यामागेही बऱ्याचदा हेच कारण असते. त्याला रागावू नका आणि त्याचे पाणी तोडू नका.

थंडी आणि बर्फ

मुका मार लागला की आपण बर्फ लावतो. सिकलसेलच्या दुखण्यावर बर्फ लावू नये. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात आणि अडकलेल्या पेशी आणखी अडकतात. कोमट कापडाचा शेक द्या. गार पाण्याने अंघोळ आणि ओल्या कपड्यांत बसणे टाळा. हिवाळ्यात पहाटे बाहेर पडताना अंगावर घोंगडी घ्या.

पिवळे डोळे म्हणजे नेहमीची कावीळ नव्हे

निरोगी लाल पेशी सुमारे 120 दिवस जगते. सिकलसेलची पेशी बहुधा 10 ते 20 दिवसांतच फुटते. फुटलेल्या पेशींतून पिवळा रंग तयार होतो आणि डोळ्यांत दिसतो. म्हणून कावीळ समजून तेल, हळद, डाळ बंद करू नका. उपाशी राहून अशक्तपणाच वाढतो. पिवळेपणा एकाएकी वाढला तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

रक्त कमी, तरी लोह कमी असेलच असे नाही

फुटलेल्या पेशींतले लोह शरीर पुन्हा वापरते. रक्त चढवले असेल तर त्यातूनही लोह मिळते. त्यामुळे रक्त कमी दिसले म्हणून मनाने लोहाच्या गोळ्या घेऊ नका, आधी तपासणी करा. गरोदर स्त्रीने सुरू असलेल्या गोळ्या मनाने बंदही करू नयेत. नवीन पेशी बनवायला फॉलिक ॲसिड जास्त लागते. त्यासाठी डॉक्टर गोळी देतात. हिरव्या पालेभाज्यांतही ते असते.

मच्छरदाणी

आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच दोष आला तर माणूस 'वाहक' होतो. वाहकाला बहुधा त्रास होत नाही, उलट गंभीर मलेरियापासून काही संरक्षण मिळते. मलेरिया असलेल्या प्रदेशांत हा दोष पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिला तो यामुळेच. पण दोघांकडून दोष आलेल्या रुग्णाला मलेरिया जास्त धोक्याचा असतो. त्याच्या अंथरुणावर मच्छरदाणी हवीच.

छापील ओळी वाचून होणारी तपासणी

सिकलसेलची पहिली चाचणी अगदी साधी आहे. नळीतल्या द्रावणात रक्ताचा थेंब टाकतात आणि नळीमागे छापील ओळी धरतात. ओळी दिसल्या तर दोष नाही. द्रावण गढूळ होऊन ओळी झाकल्या तर दोष आहे. मात्र माणूस वाहक आहे की रुग्ण, हे यातून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पुढची तपासणी लागते. बाळ सहा महिन्यांपेक्षा लहान असेल तर गर्भातले हिमोग्लोबिन शिल्लक असल्याने ही साधी चाचणी फसू शकते.

लग्नाआधी दोघांनीही तपासून घ्यावे. दोघे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता 25 टक्के असते.

होळीच्या रात्री

काठीची राजवाडी होळी पहाटे पेटते. रात्रभर ढोल आणि घुंगरांच्या तालावर नाच चालतो. नवस फेडणारे व्रत पाळतात, जमिनीवर झोपतात, अनवाणी चालतात. सिकलसेल असलेल्याने सणाला जरूर जावे, पण पाण्याची बाटली जवळ ठेवावी, मधून मधून बसावे आणि पहाटेच्या गारव्यासाठी पांघरूण न्यावे. घोट्याजवळची जखम या आजारात महिनोन्‌महिने भरत नाही, म्हणून पायात चप्पल बरी. कडक उपास आणि अनवाणी चालण्याचे व्रत घरातल्या दुसऱ्या कोणी केले तर रुग्णाचा त्रास वाचेल.

दवाखान्यात लगेच कधी जावे?

- ताप 101 अंश फॅरनहाइट किंवा जास्त असल्यास
- छातीत दुखणे, धाप लागणे
- एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे
- लहान मुलाचे पोट डाव्या बाजूला एकाएकी फुगणे, मूल पांढरेफटक पडणे (पाणथरीत रक्त अडकल्याची खूण)
- बाळाचे हात-पाय सुजून ते सारखे रडणे
- नेहमीच्या गोळीने न थांबणारे दुखणे

डाव्या बरगडीखाली पाणथरी कशी चाचपायची ते डॉक्टर किंवा नर्सकडून शिकून घ्या. घरी आईवडिलांना हे सहज जमते. रुग्णाचे सिकलसेल कार्ड प्रवासात सोबत ठेवा आणि हायड्रॉक्सीयुरिया सुरू असेल तर ते मनाने थांबवू नका.