न्यूक्लिअर मेडिसीन तंत्रज्ञ : शिक्षण व प्रशिक्षण

रुग्णाला द्यायचे किरणोत्सर्गी औषध तयार करणे, मोजणे, बहुतेक ठिकाणी ते शिरेतून देणे आणि मग गॅमा कॅमेऱ्यावर किंवा पेट स्कॅनरवर त्याची प्रतिमा घेणे ही न्यूक्लिअर मेडिसीन तंत्रज्ञाची कामे. एक्स-रे यंत्रातले किरण बटण बंद केले की थांबतात. इथे किरण रुग्णाच्या शरीरातूनच बाहेर येतात आणि ते थांबवणे कोणाच्याही हाती नसते. पदार्थाचे अर्धायुष्य ठरवील तेवढा वेळ ते येतच राहतात. म्हणूनच हे शिक्षण एक्स-रे तंत्रज्ञाच्या शिक्षणापासून वेगळे झाले. भौतिकशास्त्र, औषधनिर्माण आणि शुश्रूषा या तिन्हींचा त्यात वाटा आहे.

भारतात या शिक्षणाचे एक जुने घर मुंबईत परळला आहे. अणुऊर्जा खात्याने १९६३ मध्ये तिथे रेडिएशन मेडिसीन सेंटर सुरू केले. ते भाभा अणुसंशोधन केंद्राचा भाग असून टाटा मेमोरिअल रुग्णालयाला लागूनच आहे. डॉक्टरांसाठी रेडिएशन मेडिसीनची पदविका इथे १९७३ मध्ये सुरू झाली. विज्ञानाच्या पदवीधरांसाठी वैद्यकीय रेडिओआयसोटोप तंत्राची एक वर्षाची पदविका होती. ‘डीएमआरआयटी’ या नावाने ती देशभर ओळखली जाई आणि तिथून शिकून गेलेल्यांनी अनेक रुग्णालयांतले विभाग उभे केले. देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन आणि पहिला पेट स्कॅनरही २००२ मध्ये याच केंद्रात आला. पुढे होमी भाभा राष्ट्रीय संस्थेच्या छत्राखाली या विषयाचा एम.एस्सी. अभ्यासक्रम आला. चंदीगडची पीजीआय, दिल्लीची एम्स आणि मणिपाल इथेही या विषयाचे शिक्षण मिळते.

आज बारावी विज्ञाननंतर बी.एस्सी. करता येते. सहसा तीन वर्षे शिक्षण आणि एक वर्ष रुग्णालयात इंटर्नशिप असा तो क्रम असतो. दुसरी वाट भौतिक, रसायन किंवा जीवशास्त्रातली पदवी घेऊन पदव्युत्तर पदविकेची किंवा एम.एस्सी.ची. प्रवेश घेण्यापूर्वी एक गोष्ट अवश्य तपासावी : अणुऊर्जा नियामक मंडळ, म्हणजे एईआरबी, ती पदवी तंत्रज्ञाच्या कामासाठी ग्राह्य धरते का. रुग्णालयाला किरणोत्सर्गी पदार्थ वापरण्याची परवानगी हेच मंडळ देते. त्याच्या अटीत न बसणारा माणूस कितीही हुशार असला तरी त्या जागेवर नेमता येत नाही. २०२१ च्या सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने या तंत्रज्ञांना स्वतंत्र व्यावसायिक म्हणून मान्यता दिली. ती फार आधी मिळायला हवी होती.

पण हा व्यवसाय खरा शिकला जातो तो हॉट लॅबमध्ये, म्हणजे किरणोत्सर्गी औषध तयार करण्याच्या खोलीत. शिशाच्या जाड विटा, शिशाची काच आणि तिच्या पलीकडे काम करणारे दोन हात. सकाळी पहिले काम जनरेटरचे, म्हणजे किरणोत्सर्गी पदार्थ पुरवणाऱ्या उपकरणाचे. त्यातल्या अ‍ॅल्युमिनाच्या नळीवर मोलिब्डेनम-९९ बसवलेले असते. त्याचे अर्धायुष्य ६६ तास. त्याच्या क्षयातून टेक्निशियम-९९एम तयार होत राहते, त्याचे ६ तास. एका बाजूला सलाइनची कुपी लावायची, दुसऱ्या बाजूला शिशाच्या डब्यात बसवलेली निर्वात कुपी. निर्वात कुपी सलाइन ओढून घेते आणि येताना ते टेक्निशियम घेऊन येते. या क्रियेला सगळे ‘मिल्किंग’ म्हणतात, आणि ते नाव चपखल आहे : काल दोहलेली गाय आज पुन्हा भरलेली असते, फक्त रोज थोडे कमी देते. मग हे द्रव डोस कॅलिब्रेटरमध्ये मोजायचे. त्यात मोलिब्डेनम उतरले नाही ना, हेही पाहायचे. एक मिलीक्युरी टेक्निशियममागे ०.१५ मायक्रोक्युरीपेक्षा जास्त मोलिब्डेनम सापडले तर ते रुग्णाला देत नाहीत.

यानंतरचे गणित नवशिक्याला पहिल्या महिन्यात रात्री झोपेतही सुचते. बारा वाजता २० मिलीक्युरी द्यायचे असेल, तर दहा वाजता सिरिंजमध्ये सुमारे २५ भरायला हवे. पेट स्कॅनचे फ्लोरिन-१८ आणखी घाईचे, ११० मिनिटांत निम्मे. रुग्ण वाहतुकीत अडकला किंवा त्याची साखर वाढलेली निघाली, तर तो डोस कोणासाठी थांबत नाही. वेळापत्रक आखणे हेच इथले निम्मे कौशल्य आहे, आणि ते वर्गात शिकवता येत नाही. ज्या संस्थेत विद्यार्थ्याला रोज स्वतः जनरेटर हाताळायला, डोस काढायला आणि कॅमेऱ्याची सकाळची तपासणी करायला मिळत नाही, तिथली पदवी माझ्या मते अपुरी आहे, तिचा अभ्यासक्रम कागदावर कितीही भरगच्च असो.

सुरक्षेचे पाठ सोपे वाटतात : वेळ कमी, अंतर जास्त, मध्ये शिसे. अंतर दुप्पट केले की बिंदूसारख्या उगमापासून मिळणारी मात्रा चौथाई होते. भारतात अशा कर्मचाऱ्याची मर्यादा सलग पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, आणि कोणत्याही एका वर्षात ३०. ही मात्रा मोजणारा छातीवरचा टीएलडी बॅज दर तीन महिन्यांनी तपासणीला जातो. अनुभव आणि परीक्षेनंतर तंत्रज्ञाला किरण सुरक्षा अधिकारीही होता येते, आणि बढतीची ही वाट चांगली आहे.

प्रतिमा घेताना नजर किती तयार लागते, याचे एक नेहमीचे उदाहरण. हाडांच्या स्कॅनसाठी दिलेल्या औषधाचा न शोषलेला भाग लघवीवाटे बाहेर पडतो. रुग्णाच्या पायजम्यावर एक थेंब सांडला, तर प्रतिमेत खुब्याजवळ काळा ठिपका उमटतो, अगदी पसरलेल्या कर्करोगासारखा. तयार तंत्रज्ञ तिथेच थांबतो, कपडे बदलायला लावतो, कातडी पुसून घेतो आणि तोच भाग पुन्हा घेतो. तयार नसलेला तंत्रज्ञ तो ठिपका तसाच पुढे पाठवतो. औषध देताना शिरेबाहेर गेले, तरी प्रतिमा बिघडते. किमोने नसा गेलेल्या रुग्णांच्या हातावर हे कौशल्य कसाला लागते.

बोलण्याचेही शिक्षण द्यावेच लागते, आणि बहुतेक अभ्यासक्रमांत त्याला फार थोडी जागा आहे. इंजेक्शनपूर्वी बाईला दिवस गेलेत का, हे विचारायचे असते. सासूच्या समोर विचारले तर उत्तर ‘नाही’ येईल. तिला आत एकटीला बोलावून, दार लावून, ‘ताई, शेवटची पाळी कधी आली होती?’ असे विचारावे लागते. थायरॉइडच्या कर्करोगासाठी मोठ्या मात्रेत आयोडीन-१३१ घेतलेल्या रुग्णाला वेगळ्या खोलीत ठेवतात, आणि किरणोत्सर्ग ठरलेल्या पातळीखाली उतरला की घरी सोडतात. तेव्हा नातवाला काही दिवस मांडीवर घेऊ नका, स्वच्छतागृहात पाणी दोनदा सोडा, झोपा वेगळे, हे सगळे न घाबरवता पटेल असे सांगणे बहुतेक वेळा याच तंत्रज्ञाच्या वाट्याला येते. आजीने मान डोलवली, तरी तिच्याकडून ते एकदा परत वदवून घ्यावे लागते.