उणे आकड्याचा अर्थ

१९५८ सालचं औरंगाबाद. २३ ऑगस्टला मराठवाडा विद्यापीठ सुरू झालंय आणि तुम्ही त्याच्या पहिल्या दिवसांत वावरताय. याच वर्षी तिकडे अमेरिकेत रसायनशास्त्रज्ञ मन्रो वॉल यांना कळतं, की एका चिनी झाडाचा अर्क उंदरांमधली गाठ वाढू देत नाही.

आठ वर्षं पुढे सरका. नॉर्थ कॅरोलिनातल्या प्रयोगशाळेत वॉल यांच्यासोबत नंदुरबारचे मनसुख वाणी दिसतात. १९६६ मध्ये ते त्या झाडातल्या कॅम्पटोथेसिनची रचना जाहीर करतात. १९७२ मध्ये तोच रेणू सह्याद्रीतल्या नरक्या या झाडात सापडतो. औषध आता आलंच, असं तुम्हाला वाटतं. पण त्याच सुमारास रुग्णांवरच्या चाचण्या थांबतात. रेणू पाण्यात विरघळेना म्हणून त्याचा सोडियम क्षार दिला होता. गुण फारसा आलाच नाही, लघवीतून रक्त मात्र जाऊ लागलं.

हा रेणू काम कसा करतो, हे कोडं १९८५ मध्ये सुटतं. पेशीतलं टोपोआयसोमरेज-१ हे प्रथिन डीएनएचा एक धागा कापतं, पीळ सोडवतं आणि धागा पुन्हा जोडतं. कॅम्पटोथेसिन ही जोडणी अडवतं. त्याचाच सुधारित अवतार, टोपोटेकॅन, १९९६ मध्ये अमेरिकेत मंजूर होतो. तो नेमका कुठे बसतो, हे २००२ च्या स्फटिकचित्रात दिसतं: कापलेल्या डीएनएच्या फटीत.

आता त्याच औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, विद्यापीठातल्या संगणकासमोर बसा. एखाद्या वनस्पतीतला रेणू याच प्रथिनावर डॉक करायचाय, म्हणजे तो तिथे कसा बसेल हे संगणकावर पाहायचंय. नुसतं प्रथिन घेतलंत तर फसाल. ती फट डीएनए कापल्यावरच तयार होते. आधी चित्रातलं टोपोटेकॅन काढून प्रोग्रॅमकडून पुन्हा बसवून घ्या. मूळ जागेपासून दोन अँगस्ट्रॉमच्या आत बसलं, तरच पुढे जा. मग तुमचा रेणू टाका. स्कोअर उणे येतो. जितका जास्त उणे, तितकी पकड घट्ट असण्याचा अंदाज. हजार रेणूंतून तपासण्याजोगे दहा निवडायला हा अंदाज फार उपयोगी. पण रेणू रक्तात विरघळेल का, मूत्राशयाला इजा करेल का, हे तो आकडा सांगत नाही.

म्हणून ‘अमुक पाल्यात कर्करोगावर औषध’ अशी बातमी वाचलीत, की विचारा: पेशींवर पाहिलं? प्राण्यांवर? माणसांवर? तिन्हींना होकार मिळेपर्यंत डॉक्टरांचे उपचार सोडून काढ्याच्या मागे लागू नका.