कुंभकोणमची दोन मुलं आणि मद्रासची एक कचेरी

आजची गोष्ट माझ्या पुतण्याच्या एका प्रश्नातून सुरू झाली. गेल्या वर्षी तो बी. एस्सी. झाला. गणितात एम. एस्सी.ला प्रवेश मिळाला आणि त्याच आठवड्यात स्पर्धा परीक्षेच्या क्लासची फी भरायची मुदतही आली. रात्री फोन करून म्हणाला, "काका, तुम्ही इतिहास शिकवता. पूर्वीची मुलं हे कसं ठरवायची?" मी तेव्हा कुंभकोणमला होतो. म्हटलं, "दोन दिवस थांब. मी योग्य गावात आहे."

आपल्यातल्या अनेकांना कुंभकोणम् म्हणजे देवळं, महामहम् तलाव आणि पितळी गाळणीची कॉफी एवढंच माहीत असतं. पण हे गाव मराठी माणसालाही परकं नाही. व्यंकोजीराजांनी तंजावर घेतलं ते १६७६ च्या सुमारास. त्यांच्या मागोमाग कारभारी, कारकून, शास्त्री आणि कीर्तनकार कावेरीकाठी आले आणि इथलेच झाले. त्यांच्या काही घरांत आजही जुन्या वळणाची मराठी बोलतात.

आता तारखा पाहा. १७९९ मध्ये दुसऱ्या सरफोजीराजांनी मुलखाचा कारभार इंग्रजांच्या हाती दिला आणि त्यांच्याकडे किल्ला व आसपासचा भाग तेवढा उरला. १८५५ मध्ये शेवटचे राजे दुसरे शिवाजी वारले आणि तेही खालसा झालं. त्याच्या एक वर्ष आधी, १८५४ मध्ये, कुंभकोणमला कावेरीच्या काठी सरकारी शाळा निघाली. १८६७ मध्ये तिचं कॉलेज झालं. विल्यम आर्चर पोर्टर आणि टी. गोपाळराव या दोन शिक्षकांनी ते इतकं नावारूपाला आणलं की लोक त्याला दक्षिणेचं केंब्रिज म्हणू लागले. गावात आजही पोर्टर यांच्या नावाचा टाउन हॉल आहे आणि गोपाळरावांच्या नावाचं वाचनालय आहे.

म्हणजे दरबाराचं दार बंद होत असतानाच शाळेचं दार उघडलं. ज्या घरांची भाकरी पिढ्यान्‌पिढ्या लेखणीवर होती, त्यांना दरबार गेल्यावर दुसरी कचेरी शोधणं भाग होतं आणि तिची वाट इंग्रजी शाळेतून जात होती. आपण आज 'करिअर की अभ्यास' म्हणतो, तो प्रश्न या घरांपुढे तेव्हाच उभा राहिला.

पहिला मुलगा त्याच्याही आधीचा आहे. टी. माधवराव यांचा जन्म १८२८ मध्ये कुंभकोणमला, तंजावरी मराठी कुटुंबात झाला. वडील आणि चुलते दोघेही त्रावणकोरचे दिवाण होऊन गेलेले. माधवराव मद्रासच्या हायस्कुलात पॉवेल नावाच्या शिक्षकांकडे शिकले. गणित आणि खगोल हे त्यांचे आवडीचे विषय. १८४६ मध्ये ते उत्तम रीतीने उत्तीर्ण झाले आणि काही काळ त्यांनी पॉवेल यांच्या जागी गणित शिकवलंही.

पुढे? मद्रास विद्यापीठ निघायला अजून अकरा वर्षं होती. गणिताचा अभ्यास करत राहायचा आणि त्यावर घर चालवायचं, अशी जागाच नव्हती. माधवराव मद्रासच्या अकाउंटंट जनरलच्या कचेरीत लागले. १८४९ मध्ये त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक म्हणून गेले आणि वयाच्या तिशीच्या सुमारास तिथले दिवाण झाले. नंतर इंदूर, आणि १८७५ ते १८८२ बडोदा. सयाजीरावांच्या लहानपणी बडोद्याची घडी बसवणारे सर टी. माधवराव ते हेच. बडोदा कॉलेज १८८१ मध्ये निघालं, तेही त्यांच्याच कारकिर्दीत.

त्यांनी गणित सोडलं, असं म्हणावं का? मला तसं वाटत नाही. सोडायला आधी ते हातात असावं लागतं. हुशारी होती, आवड होती, पण त्या हुशारीला पगार देणारी खुर्ची नव्हती.

आता दुसरा मुलगा. सारंगपाणी सन्निधी रस्त्यावर एक लहानसं घर आहे. आता ते स्मारक म्हणून जपलेलं आहे. मी गेलो तेव्हा आत शाळेची एक सहल आली होती आणि रस्त्याकडच्या खिडकीशी ठेवलेला पलंग बघायला मुलांची रांग लागली होती. हे श्रीनिवास रामानुजन यांचं घर. वडील साडीच्या दुकानात कारकून, पगार महिना वीस रुपयांच्या आसपास. आई कोमलताम्माळ देवळात भजनं म्हणायच्या आणि घरखर्चाला हातभार म्हणून कॉलेजच्या मुलांना घरी ठेवून घ्यायच्या. रामानुजननं वरच्या इयत्तांचं गणित पहिल्यांदा शिकलं ते याच मुलांकडून.

१९०३ मध्ये त्याच्या हाती कॉलेजच्या ग्रंथालयातलं जी. एस. कार यांचं पुस्तक आलं. हजारो सूत्रं एकापाठोपाठ एक, सिद्धता अगदी थोडक्यात. या पुस्तकानं त्याला वेड लावलं, हे सगळे सांगतात. पण पुस्तक मुळात काय होतं? कार हे खासगी शिकवणी घेणारे गृहस्थ. केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेसाठी मुलांची तयारी करून घेताना जमलेल्या टिपणांमधून ते तयार झालं. आजच्या भाषेत सांगायचं तर क्लासच्या नोट्स! परीक्षेसाठी लिहिलेलं पुस्तक कुंभकोणमच्या एका मुलाला परीक्षेपासून कायमचं दूर घेऊन गेलं. त्यामुळे 'हे करिअरचं पुस्तक, ते ज्ञानाचं पुस्तक' अशी वाटणी करताना मी हल्ली जरा जपून असतो.

१९०४ मध्ये रामानुजन शिष्यवृत्ती घेऊन गावच्याच सरकारी कॉलेजात गेला. तिथे गणितासोबत इंग्रजी, शरीरशास्त्र, ग्रीस-रोमचा इतिहास असे विषयही सक्तीचे होते. तो वर्गात बसून फक्त गणित करत राहिला. इंग्रजीत नापास झाला आणि शिष्यवृत्ती गेली. आई प्राचार्यांना भेटून आली, पण नियम तो नियम, असं चरित्रात येतं. १९०५ मध्ये मुलगा न सांगता घरातून निघून विशाखापट्टणमला गेला. मग मद्रासच्या पच्चयप्पा कॉलेजात आणखी एक प्रयत्न. तिथेही एफ. ए.च्या परीक्षेत अपयश आलं.

इथे आपण चटकन कॉलेजला दोष देतो. पण परीक्षेच्या बाजूनंही पाहायला हवं. त्या काळातली पदवी मुख्यतः सरकारी नोकरीचा परवाना होती. कचेरीला सगळे विषय थोडे थोडे येणारा माणूस हवा होता, म्हणून अभ्यासक्रमही तसाच होता. एकाच विषयात बुडून जाणाऱ्या मुलासाठी त्यात रकानाच नव्हता. ज्याला आपण 'अभ्यासाचा मार्ग' म्हणतो, तोच मुळात नोकरीच्या मापानं शिवलेला होता.

१९०९ मध्ये रामानुजनचं लग्न झालं. आता कमावणं आलं. १९१० मध्ये तो तिरुक्कोयिलूरला व्ही. रामस्वामी अय्यर या डेप्युटी कलेक्टरांकडे कारकुनाची जागा मागायला गेला. अय्यर स्वतः गणिताचे वेडे. १९०७ मध्ये इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीची सुरुवात त्यांनीच केली. त्यांनी वही चाळली आणि या मुलाला तालुका कचेरीत बसवणं पाप होईल असं त्यांना वाटलं. नोकरी न देता त्यांनी त्याला मद्रासला पाठवलं. तिथून तो नेल्लोरचे कलेक्टर आर. रामचंद्र राव यांच्यापर्यंत पोचला. काय हवं, असं विचारल्यावर त्याचं मागणं एवढंच होतं की काम चालू ठेवता येईल इतपत पोटापुरतं मिळावं. राव महिना २५ रुपये पाठवू लागले.

पण तसे पैसे घेत राहणं त्याला जड वाटू लागलं आणि १९१२ मध्ये तो नोकरीला लागला. आधी काही आठवडे हंगामी कारकून. कुठे? मद्रासच्या अकाउंटंट जनरलच्या कचेरीत. साठ-पासष्ट वर्षांपूर्वी कुंभकोणमचा पहिला मुलगा जिथे लागला, त्याच कचेरीत! मग १ मार्चपासून मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये, महिना ३० रुपयांवर. तिथले वरिष्ठ एस. नारायण अय्यर रात्री त्याच्यासोबत पाटी घेऊन गणितं सोडवत बसायचे. हार्डी यांना लिहिलेलं ते प्रसिद्ध पत्र, जानेवारी १९१३ चं, पोर्ट ट्रस्टच्या कारकुनानं लिहिलेलं आहे. त्याच वर्षी पदवी नसतानाही मद्रास विद्यापीठानं त्याला महिना ७५ रुपयांची संशोधन शिष्यवृत्ती दिली.

७५ हा आकडा पुण्याच्या लोकांना ओळखीचा वाटेल. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सभासदांनी फर्ग्युसनमध्ये वीस वर्षं शिकवायचं, ते ७५ रुपये पगारावर. गोखल्यांनी तेच केलं. रघुनाथ परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले, पण आधी दिलेला शब्द पाळून फर्ग्युसनला परतले. हे त्यागाचं उदाहरण आहेच. पण ७५ रुपये लहान असले तरी दर महिन्याला येणारे होते आणि मागे संस्था उभी होती, हेही विसरू नये. त्याच पुण्याची ओढ कुंभकोणमलाही लागली. तिथल्याच कॉलेजातून १८८७ मध्ये बी. ए. झालेले व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री मद्रासला हेडमास्तर होते. ती खुर्ची सोडून १९०७ मध्ये ते गोखल्यांच्या भारत सेवक समाजात आले आणि १९१५ मध्ये गोखल्यांच्या पश्चात त्याचे अध्यक्ष झाले.

या सगळ्यांकडे एकत्र पाहिलं की मला चार गोष्टी दिसतात. घरात महिन्याला काय येतं. परीक्षा कशाला गुण देते. शिकून झाल्यावर बसायला पगाराची जागा आहे का. आणि आपली वही उघडून वाचणारा कुणी मोठा माणूस भेटतो का. मुलाची आवड यानंतर येते. ती कमी महत्त्वाची म्हणून नव्हे, तर या चार गोष्टींनी वाट सोडली तरच तिला पुढे सरकता येतं म्हणून.

आणि रामानुजन नापास झाला म्हणून मोठा झाला, असं कृपा करून कुणाला सांगू नका. त्या काळात नापास झालेली बाकीची मुलं कुठे गेली, त्यांच्या वह्या कुणी चाळल्या, याची नोंद कुठेही नाही.

दोन दिवसांनी पुतण्याला फोन केला. हे कर किंवा ते कर, असं सांगितलं नाही. त्याला चार प्रश्न दिले आणि म्हटलं, पहिल्या तिन्हींची उत्तरं आई-बाबांसोबत बसून कागदावर लिही. चौथ्याचं उत्तर घरात मिळणार नाही. त्यासाठी तुझी वही घेऊन तुझ्या प्राध्यापकांकडे जा आणि आधी ती त्यांना वाचू दे.

तो गेला. सरांनी वही दोन दिवस ठेवून घेतली. त्यानं एम. एस्सी.ला नाव घातलं आहे, आणि सकाळी एका दुकानाचे हिशेब लिहितो. पुढे काय होईल, मला सांगता येत नाही. पण वही कुणीतरी वाचली आहे.

तुमच्या घरातही असा एखादा मुलगा, एखादी मुलगी असेल. सल्ला द्यायच्या आधी त्यांची वही मागा.