चैत्रगौरीच्या दिवशी माजघरात

बट कानामागे सारायला सवयीनं हात वर नेशील, तर बोटांना नुसते खुंट लागतील. साल १८९३, महिना चैत्र. पुण्यात सदाशिव पेठेतल्या वाड्याच्या माजघरात तू बसली आहेस. वय एकोणीस. अंगावर तांबडं आलवण, आत चोळी नाही, कपाळ कोरं. थोड्या थोड्या दिवसांनी मागल्या दारानं न्हावी येतो. पुरुषाचा हात तुला लागतो तो तेवढाच.

बाहेर आज हळदीकुंकू आहे. हरभऱ्याची डाळ तू वाटलीस, कैऱ्या तू किसल्यास, मोगऱ्याचे गजरेही तूच ओवलेस. बायका यायला लागल्या तशी सासूबाईंनी तुला आत बसायला सांगितलं, कारण शुभकार्यात तुझं तोंड दिसायला नको. ओवताना एक कळी तू ओच्यात लपवलीस. ती माळता येणार नाही, तरी ती हवी आहे.

नवऱ्याचा चेहरा आठवून पाहा. नाही आठवत. आठव्या वर्षी लग्न, नवव्या वर्षी वैधव्य. आठवतात त्या डोळ्यांवर येणाऱ्या मुंडावळ्या. म्हणजे गेलेल्या माणसासाठी तुझा जीव झुरत नाही. कुणीतरी आपल्याकडे डोळे भरून पाहावं, नावानं हाक मारावी, ‘दमलीस का गं?’ म्हणून विचारावं, एवढंच तुला हवं आहे. या घरात तुझं नाव कुणी घेत नाही. असल्या ओढीला कीर्तनात विकार म्हणतात. मला त्यात विकार दिसत नाही. एकोणिसाव्या वर्षी असं काही वाटलंच नसतं, तर मी तुझ्यासाठी जास्त हळहळले असते.

बाहेरचे आवाज एकदम खाली येतात. तू वरवंटा थांबवतेस.

“फर्ग्युसन कॉलेजातल्या धोंडोपंत कर्व्यांनी लग्न केलंन् म्हणे. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या विधवेशी!”

“आणि ती कुंकू लावते?”

“लावणारच. सवाष्ण झाली ना आता.”

लग्न झालं ११ मार्चला. वधू देवरूखची गोदूबाई, शारदा सदन या विधवांसाठीच्या शाळेत शिकलेली, आठव्या वर्षी लग्न होऊन तीन महिन्यांत विधवा झालेली. कायद्यानं अशा लग्नाला १८५६ सालीच मोकळीक दिली आहे. ३७ वर्षांत त्यातला एक शब्द या माजघरापर्यंत पोचलेला नाही. कर्व्यांच्या गावचे, मुरूडचे लोक त्यांना वाळीत टाकतील, पण ते इथे बसून तुला कसं कळणार? तुला वेगळंच विचारायचं आहे. त्यांनी तिला आधी पाहिलं होतं का? बोलले होते का दोघं? तिचे केस वाढले असतील, तर कुठवर?

जाऊबाई पन्ह्याचं भांडं भरायला आत येतात.

“जाऊबाई, शारदा सदन कुठंसं आहे हो?”

त्या आधी दाराकडे बघतात.

“पन्हं ढवळ नीट, वेलदोडा खाली बसलाय,” त्या मोठ्यानं म्हणतात. मग भांडं उचलता उचलता, “उद्या हौदावर ये. सांगते.”