आरसा (काचेचा)

काचेच्या सपाट अथवा वक्र पृष्ठावर धातूचा पातळ लेप देऊन प्रकाशाचे परावर्तन घडविणारी वस्तू. घासून तकतकीत केलेल्या तांब्याच्या व काशाच्या दर्पणांची परंपरा याहून पुष्कळ प्राचीन असून तिचा विचार येथे केलेला नाही. परावर्तन करतो तो धातू, परंतु त्या धातूस आकार देते ती काच. म्हणून लेप कितीही शुद्ध असला तरी पृष्ठातील किंचित उंचसखलपणाही प्रतिमा विकृत करतो, आणि आरशाच्या निर्मितीचा इतिहास हा मुख्यतः निर्दोष पृष्ठ साधण्याच्या प्रयत्नांचा इतिहास ठरतो.

पारदलेपन : या पद्धतीच्या उगमाविषयी मतभेद आहेत, तथापि सोळाव्या शतकात व्हेनिसजवळील मुरानो बेटावरील कारागिरांनी ती पूर्णत्वास नेली व दीर्घकाळ तिचा मक्ता सांभाळला. दगडी मेजावर कथलाचा वर्ख अंथरून, त्यावर पारा चोळून व मग विपुल ओतून, स्वच्छ काच कडेने सरकवीत बसवावयाची, तिच्यावर वजने ठेवावयाची, आणि मेज हळूहळू कलते करून जादा पारा कित्येक दिवस निथळू द्यावयाचा, म्हणजे कथील व पारा यांचा पारदमेल काचेस चिकटून राहत असे. फ्रान्सच्या चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याने 1665 मध्ये राजाश्रयाखाली कारखाना काढून व्हेनिसचे कारागीर फोडले. 1684 मध्ये पूर्ण झालेल्या व्हर्सायच्या आरसेमहालात 357 आरसे आहेत. या वैभवाची किंमत पाऱ्यात काम करणाऱ्या मजुरांनी दिली. इटालियन वैद्य रामाझ्झिनी याने व्यवसायजन्य रोगांवरील आपल्या 1700 मधील ग्रंथात आरसे करणाऱ्यांच्या कंपवाताची व श्वासविकाराची नोंद केली असूनही ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत चालू राहिली.

रजतलेपन : जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग याने 1835 मध्ये अल्डिहाइडच्या योगाने काचेवर चांदीचा आरसा बनतो असे दाखविले, व्यावहारिक पद्धतीचे श्रेय मात्र कोणा एकट्यास देता येत नाही. आधुनिक कारखान्यात धुतलेल्या काचेवर प्रथम कथलाच्या क्लोराइडाचा विद्राव फिरवितात. नंतर सिल्व्हर नायट्रेट व अमोनिया यांचा विद्राव आणि ग्लुकोजासारखे क्षपणक (विद्रावातून चांदी मुक्त करणारे द्रव्य) यांचे फवारे एकाच वेळी मारले असता चांदी काचेवर बसते. या थराची जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहून सहसा अधिक नसते. त्याच्या रक्षणार्थ मागे तांब्याचा थर व त्यावर रंग देण्याची रीत आहे. कडेने ओल शिरली की चांदी काळवंडते.

दुर्बिणीचे आरसे : घरगुती आरशात लेप काचेच्या मागे असतो, दुर्बिणीत तो पुढे असतो, त्यामुळे काचेच्या दोन पृष्ठांवरून दुहेरी प्रतिमा पडत नाही. 1856-57 च्या सुमारास जर्मनीत श्टाइनहाइल व फ्रान्समध्ये फूको यांनी रुपेरी काच दुर्बिणीत आणली. त्यापूर्वीचे धातूचे आरसे मळले की पुन्हा घासून त्यांची वक्रता नव्याने साधावी लागे. काचेवरील चांदी नायट्रिक अम्लाने विरघळवून, महिनोन्‌महिने खपून घडविलेल्या वक्रतेस धक्का न लावता, नवा लेप देता येऊ लागला, आणि खगोलशास्त्राच्या दृष्टीने हा या सर्व इतिहासातील निर्णायक टप्पा होय. पुढे अमेरिकेत जॉन स्ट्राँग याने निर्वात पात्रात ॲल्युमिनियमची वाफ करून ती काचेवर बसविण्याची पद्धत विकसित केली. माउंट विल्सन वेधशाळेतील दुर्बिणीच्या 100 इंची आरशास 1935 मध्ये असा लेप मिळाला. ॲल्युमिनियम दृश्य प्रकाश चांदीपेक्षा काहीसा कमी परावर्तित करते, परंतु जंबुपार किरणही परतविते, आणि हवेत त्यावर बनणारा ऑक्साइडाचा थर त्याचे रक्षण करतो. तमिळनाडूतील कावळूर येथील 2.34 मीटर व्यासाची वेणू बापू दुर्बीण आणि पुणे जिल्ह्यातील गिरवली येथील 2 मीटरची दुर्बीण या अशा ॲल्युमिनियमलेपित आरशांच्या दुर्बिणी आहेत.

काच : आरशासाठी लागणाऱ्या सपाट काचेचे फुंकलेली, ओतीव व प्लवन असे तीन टप्पे झाले. वितळलेल्या कथलावर तरंगवून केलेली प्लवन काच पिल्किंग्टन कंपनीने 1959 मध्ये जाहीर केली व काच घासून सपाट करण्याची गरज बव्हंशी संपविली.

भारत : आमेरचा शीशमहाल व कच्छचे आरसेकाम प्रसिद्ध आहेत.

जतन : जुन्या पारदलेपित आरशातून पारा हळूहळू सुटत राहतो; असा आरसा घरी खरवडू अथवा तापवू नये, आणि त्याची दुरुस्ती जाणकाराकडेच सोपवावी.