२६ वर्षांचा एक्झिक्युटर

आल्फ्रेड नोबेलचं मृत्युपत्र आपल्याला माहीत असतं ते पुरस्कारांमुळे. पण त्याच कागदात शेवटाकडे दोन नावं आहेत: रॅगनार सोलमन आणि रुडॉल्फ लिल्येक्विस्ट. मृत्युपत्राप्रमाणे सगळं पार पाडायची जबाबदारी, म्हणजे एक्झिक्युटरचं काम, नोबेलनं या दोघांवर सोपवलं होतं. दोघंही इंजिनीअर, वकील एकही नाही.

नोबेलचा वकिलांवर फारसा विश्वास नव्हता. मसुदा त्यानं स्वतःच लिहिला आणि २७ नोव्हेंबर १८९५ला पॅरिसमध्ये त्यावर सही केली. १० डिसेंबर १८९६ला इटलीतल्या सान रेमोमध्ये तो वारला. त्याचा सहायक सोलमन तेव्हा २६ वर्षांचा होता. एक्झिक्युटर म्हणून आपलं नाव आहे, हे त्याला नोबेल गेल्यावर कळलं. सर्वाधिक वेळ बहुधा यालाच द्यावा लागेल, असं म्हणून नोबेलनं त्याच्यासाठी एक लाख क्रोनर ठेवले होते.

अंदाज बरोबर निघाला. इस्टेट सुमारे ३ कोटी १० लाख क्रोनरची, अनेक देशांत विखुरलेली. ती विकून सुरक्षित रोख्यांत गुंतवायची आणि व्याजातून दरवर्षी बक्षिसं द्यायची. पण ही रक्कम कुणाच्या नावावर राहणार? तशी संस्थाच अस्तित्वात नव्हती. विजेते ज्यांनी निवडायचे, त्या अकादम्यांना आधी कुणी विचारलं नव्हतं. काही नातेवाईक मृत्युपत्राविरुद्ध उभे राहिले. स्वीडनच्या राजालाही ही योजना पसंत नव्हती.

त्यात नोबेलचं कायदेशीर घर कुठलं, हा वाद. पॅरिसमध्ये घर, सान रेमोत बंगला आणि स्वीडनमध्ये बोफोर्स. हो, तोफांचं तेच बोफोर्स, तो कारखाना तेव्हा नोबेलचा होता. प्रकरण फ्रेंच कोर्टात गेलं तर मृत्युपत्रच टिकणार नाही, अशी भीती होती. म्हणून सोलमननं घाई केली. पॅरिसच्या बँकेतले रोखे काढून घोडागाडीत ठेवायचे आणि भरलेलं रिव्हॉल्व्हर घेऊन शेजारी बसायचं. मग स्वीडिश कॉन्सुलेटमध्ये ते पेट्यांत बंद करून लंडन, स्टॉकहोमला रवाना करायचे. हे काही दिवस चाललं.

त्याला आधार मिळाला तो नोबेलचा पुतण्या इमॅन्युएल याचा. बाकूमधली कुटुंबाची तेल कंपनी तो चालवायचा. नोबेलचे तिथले शेअर बाजारात विकले गेले असते तर कंपनीच अडचणीत आली असती. तरीही काकाच्या इच्छेच्या आड तो आला नाही. त्यानं सोलमनला एक्झिक्युटरसाठीचा रशियन शब्द सांगितला, 'दुशेप्रिकाझ्चिक'. 'दुशा' म्हणजे आत्मा. गेलेल्या माणसाच्या आत्म्याच्या वतीनं बोलणारा, असा अर्थ त्यानं उलगडून दाखवला.

१८९८मध्ये नातेवाइकांशी तडजोड झाली. २९ जून १९००ला नोबेल फाउंडेशनची नियमावली मंजूर झाली आणि १० डिसेंबर १९०१ला पहिले पुरस्कार दिले गेले. एका कागदाला पाच वर्षं लागली.

आपण डीमॅट खात्यात नॉमिनीचं नाव भरतो आणि विषय संपला असं समजतो. पण नॉमिनी हा मालक ठरत नाही. मृत्युपत्राप्रमाणे वाटप करायला माणूस लागतो. तो घरातला सगळ्यांत मोठा किंवा कायद्याचा जाणकारच हवा असं नाही, सोलमननं वकील नंतर गाठले. पण आपलं मन ओळखणारा, नातेवाइकांच्या दबावाखाली न वाकणारा आणि शक्यतो आपल्याहून लहान असावा. नोबेलची निवड अचूक होती. फक्त त्यानं सोलमनला आधी विचारलं नव्हतं. आपण तेवढं तरी विचारून घ्यावं.